जुना लॅपटॉप नव्या वायफायला जोडताना: खेड्यातील घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात फायबरची जोडणी आली तेव्हापासून एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येत आहे. मोबाईलला वायफाय तत्काळ लागते. परंतु मुलीच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला, किंवा नागपूरला सीताबर्डीत जुना म्हणून विकत घेतलेला लॅपटॉप त्याच खोलीत ठेवला तरी जोडला जात नाही. दुरुस्तीला नेल्यास ‘आता हा जुना झाला, नवा घ्या’ असे उत्तर मिळते, आणि सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत नवा घेणे शक्य नसल्यामुळे तो लॅपटॉप पुन्हा कपाटात जातो. हे थांबावे असे मला मनापासून वाटते. शिष्यवृत्तीचा किंवा महाडीबीटीवरील शेतकरी योजनेचा अर्ज मोबाईलच्या लहान पडद्यावर भरताना झालेल्या चुका नंतर निस्तरणे फार जड जाते, आणि या कामांसाठी दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप पुष्कळ वेळा पुरेसा असतो.

‘वायफाय लागत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. नेटवर्कचे नाव यादीत दिसतच नाही, हा पहिला. नाव दिसते, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही, हा दुसरा. जोडणी झाल्याचे लॅपटॉप सांगतो आणि तरीही पान उघडत नाही, हा तिसरा. आपला दोष यांपैकी कोणता हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये आणि एकही वस्तू विकत आणू नये. माझ्याकडे आलेल्या बहुतेक लॅपटॉपांना एक रुपयाही लागला नाही. बदल करावा लागला तो राउटरमध्ये.

आधी लॅपटॉपचे कार्ड ओळखावे

सर्वप्रथम लॅपटॉपच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेवर वायफायचे सरकते बटण आहे का ते पाहावे. २०१०च्या आसपासच्या अनेक लॅपटॉपांना ते असे आणि पिशवीतून काढता-घालता ते नकळत बंद होई. बटण नसेल तर वरच्या ओळीतील एफ-१ ते एफ-१२ या कळांपैकी एकीवर लहरींचे छोटे चिन्ह असते; ‘एफएन’ ही कळ धरून ती दाबल्यावर वायफाय चालू होते.

त्यानंतर कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आतील वायफायचा भाग, कोणत्या पिढीचे आहे हे समजून घ्यावे. विंडोज ७ किंवा त्यानंतरची विंडोज असल्यास कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकण्याची काळी खिडकी) उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यावी. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच असा आणि दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन असा लिहावा, आणि प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडावी. जी माहिती येते तिच्यातील दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: ‘रेडिओ टाईप्स सपोर्टेड’ या ओळीपुढची अक्षरे, आणि ‘ऑथेंटिकेशन अँड सायफर’ या मथळ्याखालील सुरक्षा पद्धतींची यादी.

अक्षरांचा अर्थ असा आहे. ८०२.११बी हे मानक १९९९चे असून त्याचा कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट आहे, ८०२.११जी हे २००३चे, ५४ मेगाबिटचे. ही दोन्ही केवळ २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात. ८०२.११ए हे १९९९चेच, परंतु ५ गिगाहर्ट्झचे. ८०२.११एन २००९मध्ये पक्के झाले आणि ते दोन्ही पट्ट्यांवर चालू शकते. मात्र स्वस्त लॅपटॉपांत बसवलेली बहुतेक एन कार्डे फक्त २.४चीच असत. त्यानंतरचे एसी केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालते, आणि वायफाय ६ म्हणून ओळखले जाणारे एएक्स दोन्हींवर. म्हणून ओळीत केवळ बी, जी, एन असेल तर आपला लॅपटॉप २.४चा आहे असे धरावे. ए किंवा एसी असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झही दिसते. ५४ मेगाबिट ऐकून निराश होण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असला तरी अर्ज भरणे, सातबारा उतरवून घेणे आणि वर्गाची चित्रफीत पाहणे यांसाठी तो पुरतो.

नाव दिसतच नसेल तर

याचे सर्वांत नेहमीचे कारण पट्टा हे आहे. राउटर बसवायला आलेला माणूस कधीकधी केवळ ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क चालू ठेवतो, कारण त्यावर मोबाईलचा वेग चांगला दिसतो. २.४चे कार्ड असलेल्या लॅपटॉपला असे नेटवर्क मुळीच दिसणार नाही; त्याच्यासाठी ते अस्तित्वातच नाही. मोबाईलचे हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनीही हे तपासावे: अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टा निवडता येतो, तेथे २.४ निवडावे, आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू करावा.

राउटरमध्ये जाण्यासाठी वायफाय लागलेल्या मोबाईलवरच ब्राउझर उघडावा आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरील पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वापरकर्त्याचे नाव आणि सेटिंगचा पासवर्ड त्याच पट्टीवर असतो. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे. पत्ता उघडत नसेल तर मोबाईल डेटा काही वेळ बंद करावा. काही पुरवठादार ही पाने ग्राहकाला उघडू देत नाहीत. तसे असल्यास त्यांच्या ग्राहक सेवेला दूरध्वनी करून ‘२.४ गिगाहर्ट्झचे वेगळ्या नावाचे नेटवर्क, डब्ल्यूपीए२ एईएस सुरक्षेसह’ एवढी मागणी करावी (या सुरक्षा पद्धतीबद्दल पुढे सांगितले आहे). नेमके शब्द वापरल्यास काम लवकर होते, हा माझा अनुभव आहे.

आत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ या भागात २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क चालू करून त्याला वेगळे नाव द्यावे. अनेक नवे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवतात आणि यंत्राला आपल्या मर्जीने एकीकडून दुसरीकडे ढकलतात. या सोयीला ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ म्हणतात. जुन्या कार्डांना तिचा त्रास होतो, जोडणी लागते आणि तुटते, म्हणून ती बंद करून नावे वेगळी ठेवणे चांगले. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत असावे. देवनागरी नाव आपल्याला आवडले तरी जुन्या विंडोजमध्ये ते विचित्र चिन्हांच्या रूपात दिसते आणि मग आपलेच नेटवर्क ओळखू येत नाही. नाव लपवून ठेवण्याचा पर्यायही बंद असावा. त्याने सुरक्षा वाढत नाही, जुन्या लॅपटॉपची अडचण मात्र वाढते.

आता चॅनेल, म्हणजे एका पट्ट्याचे क्रमांक दिलेले लहान भाग. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ ही चॅनेले वापरता येतात, परंतु अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली कार्डे बहुधा ११च्या पुढे ऐकत नाहीत. परदेशातील कंपन्यांनी वापरून टाकलेले लॅपटॉप आपल्याकडील जुन्या बाजारात पुष्कळ येतात, आणि राउटरने ‘ऑटो’ राहून १२ किंवा १३ निवडले की नेटवर्क काल होते आणि आज नाही, असा बुचकळ्यात टाकणारा प्रकार होतो. म्हणून चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम करावे. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

एवढे करूनही नाव दिसत नसेल आणि राउटर वायफाय ६चा असेल, तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावे म्हणून टाकलेल्या आज्ञावलीचा, असण्याची शक्यता आहे. इंटेलच्या काही एन आणि एसी कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर एएक्स नेटवर्क दिसतच नाही. कार्ड चांगले असते, पण नेटवर्कच्या घोषणेतील नवे भाग त्या ड्रायव्हरला वाचता येत नाहीत. ड्रायव्हर नवा टाकावा, किंवा राउटरमधील २.४चा मोड ‘बी/जी/एन’ असा करून एएक्स बंद करावा. दुसरा उपाय अधिक सोपा आहे, आणि ५ गिगाहर्ट्झवर एएक्स चालूच राहत असल्यामुळे मोबाईलचे त्यात नुकसान होत नाही.

नाव दिसते, पण जोडणी होत नाही

येथे प्रश्न सुरक्षा पद्धतीचा असतो. १९९७च्या मूळ मानकातील डब्ल्यूईपी ही पद्धत २००१मध्येच फोडली गेली. तिच्या जागी २००३मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४मध्ये डब्ल्यूपीए२ आली. मार्च २००६नंतर प्रमाणित होणाऱ्या प्रत्येक वायफाय यंत्राला डब्ल्यूपीए२ येणे सक्तीचे झाले. डब्ल्यूपीए३ ही २०१८ची. यावरून निष्कर्ष सरळ निघतो: २००६नंतरच्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपला डब्ल्यूपीए२ कळते, डब्ल्यूपीए३ बहुतेकांना कळत नाही. राउटर केवळ डब्ल्यूपीए३वर असेल तर पासवर्ड शंभर वेळा बरोबर लिहूनही उपयोग नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्यायही असतो आणि तो चालायला हवा, परंतु काही जुने ड्रायव्हर मिश्र घोषणा पाहूनच अडखळतात.

म्हणून २.४च्या नेटवर्कसाठी ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ (काही राउटरांत ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’) आणि त्यासोबत ‘एईएस’ हे निवडावे. जवळच ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असे सेटिंग असल्यास ते ‘रिक्वायर्ड’वर नसावे, ‘कॅपेबल’, आणि तरीही अडत असेल तर ‘डिसेबल्ड’ करावे. एईएसच्या जागी ‘टीकेआयपी’ निवडू नये. ती पद्धत कमकुवत आहेच, शिवाय तिच्यासोबत एन मानकाचे वेग वापरण्यास मनाई असल्यामुळे सगळेच ५४ मेगाबिटवर येते.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लॅपटॉप जोडला जावा म्हणून कोणीही डब्ल्यूईपी लावू नये किंवा नेटवर्क बिनपासवर्डचे करू नये. डब्ल्यूईपीचा पासवर्ड साध्या साधनांनी काही मिनिटांत काढता येतो, आणि ज्या घरात पीकविम्याचे कागद व बँकेचे व्यवहार त्याच वायफायवरून होतात तेथे हा धोका पत्करणे योग्य नाही. लॅपटॉपला खरोखरच डब्ल्यूपीए२ येत नसेल तर पुढे दिलेल्या तारेच्या मार्गाने जावे.

याहून चांगली व्यवस्थाही करता येते. अनेक राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ हा पर्याय असतो. घरचे मुख्य नेटवर्क मिश्र किंवा डब्ल्यूपीए३वरच राहू द्यावे, आणि जुन्या लॅपटॉपसाठी २.४वर डब्ल्यूपीए२चे गेस्ट नेटवर्क वेगळ्या पासवर्डाने उघडावे. त्यात जोडलेल्या यंत्राला बहुधा घरातील इतर यंत्रे दिसत नाहीत. जुन्या विंडोजच्या बाबतीत हे हिताचेच आहे. फक्त वायफायचा प्रिंटर वापरत असाल तर तो या लॅपटॉपवरून चालणार नाही.

विंडोज एक्सपीबद्दल थोडे. सर्व्हिस पॅक ३ मध्ये डब्ल्यूपीए२ अंगभूत आहे, सर्व्हिस पॅक २ला त्यासाठी वेगळी दुरुस्ती टाकावी लागे. माय कॉम्प्युटरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्यास कोणता पॅक आहे ते कळते.

सुरक्षा पद्धत बरोबर असूनही पासवर्ड नाकारला जात असेल तर कळफलक तपासावा. लहान लॅपटॉपांत वेगळे अंक नसल्यामुळे ‘नम लॉक’ चालू राहिल्यास जे, के, एल या अक्षरांच्या जागी १, २, ३ उमटतात, आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांचा लॅपटॉप महिनाभर केवळ एवढ्याच कारणाने बंद पडून होता. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये लिहून पाहावा आणि तेथून उचलून चिकटवावा; शून्य आणि ओ, इंग्रजी एक आणि लहान एल यांची गल्लतही तेथेच सापडते. त्यानंतर विंडोजमधील जुनी साठवलेली जोडणी ‘फॉरगेट’ किंवा ‘रिमूव्ह’ करून नव्याने जोडावी, कारण राउटरची सुरक्षा बदलली तरी लॅपटॉप जुन्याच पद्धतीने दार ठोठावत राहतो.

जोडणी झाली, पान मात्र उघडत नाही

घड्याळ आधी पाहावे, बाकी सगळे नंतर. लॅपटॉप दोन-चार वर्षे कपाटात राहिला की त्याच्या आतील नाण्याएवढा सेल संपतो आणि चालू करताच तारीख मागे, कधी २००२ किंवा २००८पर्यंत जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि शेवटची तारीख असते. लॅपटॉपच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते, म्हणून ब्राउझर ‘जोडणी खासगी नाही’ असे सांगून थांबतो. तारीख आणि वेळ हाताने बरोबर करताच पाने उघडू लागतात. प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदलून घ्यावा. अनेक लॅपटॉपांत तो सीआर२०३२ या क्रमांकाचा, घड्याळाच्या दुकानात मिळणारा असतो, काहींत मात्र त्याला तार जोडलेली असते.

तारीख बरोबर असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असल्यास राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळालेलाच नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा, आणि कोणी पूर्वी लॅपटॉपमध्ये पत्ता हाताने भरून ठेवला असल्यास नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडावे. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर राहिलेल्या लॅपटॉपांत ही अडचण मी अनेकदा पाहिली आहे. तेथील प्रॉक्सीचे (इंटरनेट मधल्या एका संगणकामार्फत घेण्याचे) सेटिंगही तसेच राहून गेलेले असते, तेही काढावे.

उरतो तो ब्राउझर. विंडोज ७साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर. याहून जुनी आवृत्ती असल्यास शासनाची अनेक संकेतस्थळे नीट चालत नाहीत. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला, विंडोज ७ला १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ला सर्वसाधारण आधार देणे थांबवले. एक्सपीवरून बँकेचे किंवा आधारशी संबंधित कोणतेही काम करू नये, असे माझे ठाम मत आहे.

अशा लॅपटॉपावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकणे हा उत्तम मार्ग आहे. अँटिएक्ससारखी हलकी लिनक्स ३२ बिटच्या जुन्या यंत्रांवरही चालते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन काहीही न पुसता आधी चालवून पाहता येते, आणि या प्रयोगाचा एक अधिकचा लाभ असा की लिनक्समध्ये वायफाय लागले तर कार्ड शाबूत असून दोष विंडोजचा होता, हे निश्चित कळते.

कार्डच चालत नसेल तर

विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय कार्डापुढे पिवळे चिन्ह असल्यास ड्रायव्हर नाही. त्याच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडल्यावर ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढील चार चिन्हे कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. त्यानुसार ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारी आज्ञावली टाकू नये.

पण वायफायच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा प्रश्न येथे येतो. अँड्रॉइड मोबाईल घरच्या वायफायला जोडावा, चार्जिंगच्या चांगल्या केबलने लॅपटॉपला लावावा आणि ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करावे. मोबाईल वायफायवरून घेतलेले इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देतो. मोबाईल डेटा खर्च होत नाही. विंडोज ७ आणि त्यापुढे, तसेच लिनक्समध्ये हे बहुधा लगेच चालते. केबल केवळ चार्जिंगची, डेटा न नेणारी असेल तर चालणार नाही. यावर अनेकांचा अर्धा दिवस जातो.

कायमच्या उपायांत मला तार सर्वांत विश्वासार्ह वाटते. जुन्या लॅपटॉपांना लॅनचे छिद्र असतेच, राउटरलाही असते. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि तिला पट्टा, चॅनेल, सुरक्षा पद्धत यांपैकी कशाचीही गरज नाही. ज्या लॅपटॉपला डब्ल्यूपीए२ येत नाही त्यानेही अशीच जोडणी घ्यावी. मात्र केबल घराच्या आतूनच न्यावी. अंगणावरून गोठ्यापर्यंत किंवा भावाच्या घरापर्यंत ताणलेली केबल मृगातील विजांच्या दिवसांत राउटर आणि लॅपटॉप दोन्ही निकामी करू शकते.

तार शक्य नसेल तर यूएसबीचे वायफाय अडॅप्टर घ्यावे. खोक्यावर आपल्या विंडोजचे नाव स्पष्ट छापलेले आहे का ते वाचूनच घ्यावे, आणि लिनक्ससाठी घेताना अथेरॉसची एआर९२७१ किंवा रॅलिंकची आरटी५३७० ही चिप असलेले मिळाल्यास उत्तम. नखाएवढ्या अडॅप्टरपेक्षा छोटी ॲन्टेना असलेले घ्यावे. खेड्यातल्या घरात त्याचा फरक जाणवतो. लॅपटॉप उघडून आतील कार्ड बदलण्याच्या फंदात मात्र अनुभव नसताना पडू नये, कारण काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप स्वतःच्या यादीबाहेरचे कार्ड लावल्यास सुरूच होत नाहीत.

राउटरची जागा

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतून ५पेक्षा चांगल्या जातात, परंतु धातू आणि पाणी त्यांना अडवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत बसणारा पत्र्याचा कूलर म्हणजे पाण्याची टाकी, ओल्या ताट्या आणि लोखंडी पेटी हे सारे एकत्र. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये तो आला की मार्चपर्यंत नीट चालणारे वायफाय एप्रिलमध्ये क्षीण होते. कपाट, कोठी आणि टिनाची भिंत यांचाही तसाच परिणाम होतो. राउटर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, शक्यतो ओसरी आणि आतली खोली यांमधील भिंतीवर, कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरापासून थोडा खाली लावावा. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ या भागांतील मे महिन्याच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली राउटर स्वतःही तापतो आणि अधूनमधून बंद पडतो.

सर्व सुरळीत झाल्यावर राउटरमधील २.४च्या पानाचे मोबाईलने छायाचित्र काढून ठेवावे: नाव, चॅनेल, रुंदी, मोड, सुरक्षा पद्धत. बिघाड झाला की पुरवठादाराचा माणूस प्रथम राउटर ‘रिसेट’ करतो आणि हे सर्व पुसले जाते. तो घरात असतानाच छायाचित्र दाखवून तीच सेटिंग पुन्हा लावून घ्यावी आणि लॅपटॉप जोडला गेल्याचे पाहूनच त्याला निरोप द्यावा.